मोहोड सरांचं ओलं पोतं

अकोल्याच्या उन्हाळ्यात काय काय ओलं ठेवायचं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे. माठाला ओलं फडकं, कूलरला ओल्या ताट्या, डोक्याला ओला दुपट्टा. ज्याला यातलं काहीच जमत नाही तो संध्याकाळी निदान अंगणात पाणी शिंपडतो आणि आपण काहीतरी केलं या समाधानात घामाघूम होऊन पडतो. या परंपरेत गावंडे लेआउटमधल्या चंद्रभान मोहोड सरांनी एका वस्तूची भर घातली. ती म्हणजे त्यांच्या गाडीच्या डिक्कीतली सीएनजीची टाकी.

सर विज्ञानाचे शिक्षक. निवृत्त झाले होते, पण फक्त शाळेच्या दृष्टीनं. लेआउटमध्ये कुणाचा फ्रिज बिघडला, कुणाच्या भिंतीला ओल आली, कुणाच्या सुनेला चक्कर आली, तर आधी सरांना विचारायचं आणि मग मिस्त्रीला किंवा डॉक्टरला, असा रिवाज होता. सरही कारण समजावल्याशिवाय कुणाला सोडत नसत. कारण ऐकता ऐकता एका सुनेची चक्कर आपोआप उतरल्याचं उदाहरण लेआउटमध्ये आजही सांगतात. असा मान मिळाला की माणसाला चुकायची सवय राहत नाही, आणि मग चुकलं तर काय करायचं हेही तो विसरून जातो.

गोष्ट गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यातली. कौशल्याबाईंना, म्हणजे सरांच्या बायकोला, कुणीतरी मोबाइलवर पेटलेल्या गाडीचा व्हिडिओ पाठवला. गाडी कुठली, गाव कुठलं, ती का पेटली, यातलं काहीच त्यात नव्हतं, पण मागे रडकं संगीत होतं. कौशल्याबाईंनी तो दोनदा पाहिला आणि जाहीर केलं, "अजी, त्या बाँबच्या पुढे बसून मी रिद्धपूरले येत नसते. यष्टी काय मेली हाय का?"

बायको यष्टीनं जाणार आणि आपण मागून रिकामी गाडी घेऊन जाणार, हे दृश्य सरांना मानवलं नाही. त्यांनी विचार केला. भीती कशाची, तर उष्णतेची. उष्णता कशानं जाते, तर बाष्पीभवनानं. हा धडा त्यांनी इतक्या वर्गांना शिकवला होता की झोपेतही पाठ म्हणून दाखवला असता. त्याच दुपारी त्यांनी सरकीचं एक पोतं घेतलं, ते टाकीभोवती गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. तासाभरानं कौशल्याबाईंचा हात धरून टाकीला लावला. टाकी गार होती. कौशल्याबाई रिद्धपूरला गाडीतून गेल्या आणि देवाला सरांच्या वाटचाही नमस्कार करून आल्या.

पाणी अर्थातच बोअरचं. अकोल्यात नळ कधी येणार हे नळालाही ठाऊक नसतं, त्यामुळे नळाचं पाणी पिण्यापुरतं आणि बाकी सगळ्याला बोअर. आणि बोअर खारा. तो सगळा पट्टाच खारा आहे. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बादलीच्या काठावर पांढरी खपली धरते ती खरवडूनही निघत नाही. महिन्याभरात सरांच्या पोत्यावरही तशीच पांढरी नक्षी उठली. डिक्कीतला गालिचा कुजला, गाडीत बसलं की सरकीच्या गोदामात बसल्यासारखं वाटायचं. पण विज्ञानासाठी थोडी दुर्गंधी सोसावी लागतेच, असं सर म्हणत.

लेआउटमध्ये चांगली गोष्ट लपत नाही. शेजारच्या गोपाल तायड्यांनी पोतं बांधलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं बांधलं. ज्यांच्याकडे सीएनजी नव्हता अशा एका गृहस्थांनी पेट्रोलच्या टाकीवर बांधता येईल का, असं विचारून पाहिलं. आणि शाळेची व्हॅन चालवणाऱ्या अब्दुल गफ्फार यांनी तर सरांना घरी बोलावून, चहा पाजून, सगळं नीट समजून घेतलं. त्यांनी नुकतीच व्हॅनला नवी टाकी बसवली होती.

"सर, माठ थंडा होते तं टाकी काहून नाही होनार," गफ्फारभाई म्हणाले. "एवढी साधी गोष्ट, आन आमच्या ध्यानातच आली नाही."

गफ्फारभाई कामाला पक्के. सरांचं पोतं सुतळीनं बांधलेलं, तर गफ्फारभाईंच्या बायकोनं, बिस्मिल्लाबींनी, टाकीच्या मापाची दुहेरी खोळ शिवली आणि टाकीवर चढवून जागीच टाचून टाकली. सर दिवसातून एकदा पाणी घालत, गफ्फारभाई तीनदा. पावसाळ्यातही खोळ काढली नाही. एकदा घातलेला ताईत कुणी पावसाळ्यात काढतं का?

अशी दोन वर्षं गेली. आपल्या सल्ल्यानं गावाचं भलं झालं, या समाधानात सर जाडही झाले.

मग यंदाच्या मार्चअखेर पंपावर सरांची गाडी अडवली. गॅस भरायच्या नळीशेजारी एक छोटी पट्टी असते, तिच्यावर टाकीच्या तपासणीची तारीख ठोकलेली असते. दर तीन वर्षांनी टाकी काढून तपासून घ्यायची, नाहीतर गॅस मिळत नाही. सरांची तारीख उलटली होती. पंपावरचा माणूस म्हणाला, "तपासून आना, मंग भरतो," आणि मागच्या गाडीला पुढे बोलावलं. रांगेतल्या लोकांनी सरांकडे पाहिलं. दहावीत कॉपी करताना धरलेल्या पोराकडे पाहतात तसं पाहिलं, असं सरांना वाटलं. लोक खरं तर घड्याळाकडे पाहत होते.

संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवर बैठक बसली. गोपालराव जिल्हा परिषदेत नोकरीला होते, त्यामुळे कुठलंही काम न करता ते कसं पूर्ण करायचं याचं ज्ञान त्यांच्याकडे उपजत होतं.

"सर, कायले अमरावतीले जाता?" ते म्हणाले. "अकोटले एक जन हाय. टाकी गाडीतच राहू देते आन पट्टीवर नवी तारीख ठोकून देते. माही आन माह्या साडभावाची तशीच केली. चहा पिऊन होत नाही तं काम झालं."

सरांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचा सुरक्षिततेवर विश्वास होता. शिवाय तपासणारा आपली पोत्याची युक्ती पाहून काय म्हणेल, याचीही त्यांना गोड उत्सुकता होती. कदाचित तो फोटो काढेल, वरिष्ठांना दाखवेल.

अमरावतीचं तपासणी केंद्र एमआयडीसीत, एका वेल्डिंगच्या शेडमागे. पहिल्या खेपेला सर पेट्रोलवर गाडी हाकत गेले तर टाकीत गॅस शिल्लक आहे म्हणून परत पाठवलं. टाकी रिकामी करून दुसऱ्यांदा गेले, तर गाडीच्या कागदाची झेरॉक्स हवी, झेरॉक्सवाल्याकडे वीज नव्हती, आणि वीज आली तेव्हा केंद्राची जेवणाची सुट्टी झाली होती. सर लिंबाच्या सावलीत उभे राहिले. सावलीही तापलेली होती.

शेवटी आकांक्षा ढोके नावाची तरुण इंजिनियर डबा बंद करत बाहेर आली. डोक्याला हेल्मेट, चेहऱ्यावर दुपारचा कंटाळा. तिनं डिक्की उघडली.

"काका, हे काय गुंडाळलंय?"

"उष्णतेपासून संरक्षण," सर म्हणाले, आणि समजावून सांगायला पुढे सरले. पण तिनं कटरनं सुतळी कापलीसुद्धा.

पोतं सुटलं, पण एकटं सुटलं नाही. त्याच्याबरोबर टाकीचा रंग निघाला, आणि रंगाच्या खाली तांबूस पापुद्र्यांचा जाड थर निघाला. काही पापुद्रे पोत्याला चिकटून राहिले, काही सरांच्या चपलेवर पडले. आकांक्षानं तारेच्या ब्रशनं एक जागा घासली आणि तिथं बोट ठेवलं. बोटाच्या टोकाखाली खड्डा होता. शेजारी दुसरा होता. पोतं जिथं जिथं चिकटून होतं तिथं सगळीकडे खड्डे होते.

"ही टेस्टला लावण्यातही अर्थ नाही," ती म्हणाली. तिचा कंटाळा गेला होता. "काका, तुमच्या टायरमध्ये किती हवा असते? दोन-सव्वादोन बार. या टाकीत दोनशे बार असतात. उन्हाची काळजी टाकी बनवणारा आधीच घेतो. खाऱ्या पाण्यात भिजत ठेवायची म्हणून टाकी कुणीच बनवत नाही. एखाद दिवशी भरता भरता फाटली असती."

सरांनी चपलेवरचे पापुद्रे झटकले.

"हे पोत्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

इथं सरांना खरं बोलायची संधी होती. तिथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, अकोला शंभर किलोमीटर लांब होतं, आणि समोरची मुलगी त्यांच्या कुठल्याही वर्गात बसलेली नव्हती. तरी सर म्हणाले, "आमच्याकडे एक जण आहे. सांगत असतो असं काहीबाही. लोक ऐकतात."

"शिकलेला नसेल."

"नाही," सर म्हणाले. "फारसा नाही."

"मग आधी त्याला जाऊन सांगा. आणि आणखी कुणी असं बांधलं असेल, तर त्यांना गॅस भरू देऊ नका. आजच सांगा."

टाकीला आरपार भोकं पाडून तिनं ती बाद केली. सर गाडी घेऊन निघाले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. सरांना शाळेतल्या तीन परीक्षानळ्या आठवत होत्या. तिन्हींत एकेक खिळा. एकीत कोरडी हवा, एकीत उकळून तेलाचा थर दिलेलं पाणी, एकीत साधं पाणी. कुठला खिळा गंजेल सांगा बरं, असं ते दर वर्षी वर्गाला विचारत, आणि पाण्यात मीठ टाकलं तर काय होईल हेही विचारत. मागच्या बाकावरचा ढ मुलगाही बरोबर उत्तर द्यायचा. बाष्पीभवनाचा धडा आणि गंजण्याचा धडा एकाच पुस्तकात होते, पण सरांच्या डोक्यात ते कधी एकमेकांना भेटले नव्हते.

मग त्यांना गफ्फारभाईंची व्हॅन आठवली. त्या व्हॅनमध्ये टाकीवरच फळी ठोकून मागची बैठक केली होती. ओल्या खोळीमुळे सगळ्या व्हॅनमध्ये तीच जागा गार, आणि पोरं तिच्यासाठी भांडत. गफ्फारभाईंनी भांडण मिटवलं होतं. ज्यांच्या डोक्यातून ही युक्ती निघाली त्यांच्या नातीला त्या जागेचा मान. सरांची नात दामिनी रोज शाळेत जाताना आणि येताना त्या फळीवर बसत होती.

घरी पोचले तेव्हा भिंतीवर बैठक भरलेलीच होती. गोपालरावांनी विचारलं, "काय झालं टाकीचं?"

माणूस रस्ताभर जे बोलायचं ठरवतो ते दारात आल्यावर बोलत नाही, असा अनुभव आहे. सरांनी शब्द जुळवले होते. पण समोर सहा-सात माणसं होती, आणि सगळी त्यांच्या तोंडाकडे तशीच पाहत होती जशी नेहमी पाहत.

"जुनी झाली होती," सर म्हणाले. "मीच म्हटलं, बदलूनच टाका."

"बेस केलं," गोपालराव म्हणाले. "पोतं होतं म्हनून एवढे वर्स तरी टिकली."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला तेव्हा सर स्वतः दारात गेले आणि दामिनीला ताप असल्याचं सांगितलं. दामिनी आत दूध पीत होती. तिला ताप असल्याचं तिला ठाऊक नव्हतं. "काहून ताप आला?" तिनं विचारलं. सरांनी तिला कारण सांगितलं नाही. ती बहुधा पहिलीच वेळ.

आपली अशी समजूत असते की खोटं एकदाच बोलावं लागतं. गफ्फारभाईंनी तापाची बातमी मनावर घेतली. दुपारी बिस्मिल्लाबींनी कैरीचं पन्हं पाठवलं. ते संपायच्या आत दुसऱ्या दिवशीचं आलं. दामिनी गच्चीवर उड्या मारायला जाऊ नये म्हणून सरांनी जिन्याला कुलूप घातलं. तिला खिडकीत जायची मनाई, मोठ्यानं हसायची मनाई. कुणी विचारपूस करायला आलं की सर तिला अंथरुणात घालून कपाळावर ओली पट्टी ठेवत. त्या घरात आता ओली पट्टी तेवढी उरली होती. गोपालरावांनी कांद्याचा रस तळपायाला चोळायला सांगितला, आणि सरांना तो चोळावा लागला. पोरगी कांद्याच्या वासानं रडली तेव्हा गोपालराव म्हणाले, "पाहा, ताप उतरून राहिला."

गफ्फारभाई रोज फोन करत. "घाई नका करू, सर. लेकराची तब्येत आधी. शाळा कुठी पळून चालली?" आणि रोज सकाळी ती व्हॅन बाकीची पोरं भरून घेऊन जात होती. सर पडद्याआड उभे राहून तिचा लांबून येणारा हॉर्न ऐकत. दुपारी परतीचा हॉर्न ऐकू आला की त्यांचा जीव भांड्यात पडे, आणि पडल्याबरोबर त्यांना स्वतःची किळस येई. आज सांगू, असं ते ठरवत. मग गफ्फारभाई फोनवर इतक्या मायेनं बोलत की सांगणं पुढं ढकललं जाई. आपली नात सुखरूप आहे, बाकीच्यांचंही काही होणार नाही, इतके दिवस झालं का, असा हिशेब ते करत. विज्ञानाच्या माणसानं केलेला सगळ्यात हलकट हिशेब तो हाच.

कौशल्याबाई अडाणी नव्हत्या. नातीच्या अंगाला हात लावला की ताप आहे की नाही हे कळायला बाष्पीभवन यावं लागत नाही. एका संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन विचारलं, "पोरीले काय लपवून राहिले तुमी?"

सरांनी सांगितलं. टाकी, खड्डे, फळी, सगळं. कौशल्याबाई ऐकत राहिल्या. सरांना वाटलं त्या रडतील, किंवा बाँबचा व्हिडिओ आठवून मी म्हटलंच होतं म्हणतील. पण त्यांनी एवढंच विचारलं, "आन बाकीची लेकरं कोनाची हायेत?"

सर उठले आणि चप्पल घालून बाहेर पडले.

भिंतीवर बैठक होती. सरांनी थेट सुरुवात केली, पण सवयीनं ती लोखंडाच्या गुणधर्मापासून झाली. ऑक्सिजन आला, क्षार आले. गोपालराव जांभई देत होते. शेवटी सर म्हणाले, "थोडक्यात, पोती काढा. आजच काढा. गॅस भरू नका."

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"सर, तुमीच तं बांधायले लावलं," किराणावाला म्हणाला.

"मी चुकलो."

हे वाक्य इतकं अनोळखी होतं की कुणी ते ऐकलंच नाही. गोपालराव हसले. "सर, सोताची टाकी गेली म्हनून साऱ्याईच्या टाक्या कापाले निंगाले का? माह्या पट्टीवर दोन वर्साची तारीख हाय अजून. सरकारी तारीख हाय ते." त्यांच्या पट्टीवरची तारीख अकोटच्या माणसानं ठोकलेली होती, पण ते या क्षणी त्यांना महत्त्वाचं वाटलं नाही. कुणीतरी कौशल्याबाईंना हाक मारून सांगितलं की सरांना ऊन लागलंय, पन्हं द्या.

गफ्फारभाई घरी नव्हते. लग्नाची पार्टी घेऊन अकोटला गेले होते आणि गाडी चालवताना ते फोन घेत नसत. नियमाचे पक्के. सर पंपावर गेले. तिथल्या मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की पट्टीवर तारीख आहे तोवर गॅस नाकारता येत नाही, तक्रार असेल तर आरटीओत द्या. आरटीओच्या दाराला कुलूप होतं. पहारेकऱ्यानं विचारलं, "गाडी तुमची हाय का?" नाही. "मंग तुमचा संबंध काय?" सरांना संबंध सांगता आला, पण पहारेकऱ्याला तो पटला नाही. सल्ला देणं हा संबंध होत नाही, असं तो म्हणाला.

गफ्फारभाई रात्री उशिरापर्यंत परतले नव्हते, म्हणून सकाळी सर गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. व्हॅन आली की आडवं व्हायचं, लागलं तर चाकासमोर बसायचं. व्हॅन आली नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की दामिनीला ताप असल्यामुळे गफ्फारभाई आता या गल्लीत वळतच नाहीत. व्हॅन मागच्या रस्त्यानं पोरं घेऊन शाळेत गेली होती.

सर शाळेकडे धावले. धावले म्हणजे ऑटोत बसले, पण जीव धावत होता. शाळेच्या फाटकावर चौकीदारानं सांगितलं की पोरं उतरली, व्हॅन गॅस भरायला गेली. आज गॅसचा ट्रक आलाय.

पंपावर रस्त्यापर्यंत रांग होती. गफ्फारभाईंची व्हॅन अगदी पुढे, नळीपाशी. गफ्फारभाई उतरून बाजूला उभे होते, आणि पंपावरचा माणूस नळी जोडायला वाकला होता. व्हॅनच्या खालून पाणी ठिबकत होतं. सकाळचं पाणी घालून झालं होतं.

सर मध्ये घुसले आणि गॅस भरायच्या जागेवर हात ठेवून उभे राहिले.

"बाजूले व्हा, काका," पंपावरचा माणूस म्हणाला.

"भरू नको. टाकी गंजलेली आहे."

"प्लेट बरोबर हाय."

"प्लेट गंजत नाही, टाकी गंजते," सर म्हणाले. मागून हॉर्न सुरू झाले. कुणीतरी सरांच्या आईचा उद्धार केला. एकानं खांद्याला धरून ओढलं, त्यात शर्टाची बटणं तुटली, पण सरांनी हात काढला नाही. सर्वांसमोर, उघड्या छातीनं, ते म्हणाले, "गफ्फार, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझी टाकी जुनी नव्हती झाली. पोत्याखाली गंजून बाद झाली. तुमचीही तशीच असेल."

गफ्फारभाईंना सरांची ती दशा बघवेना. त्यांनी हॉर्न वाजवणाऱ्यांना हातानं थांबवलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "सर, ऊन लागलं तुमाले. थांबा, मी दाखोतो. तुमच्या मनाचं समाधान होऊन जाऊ द्या." त्यांनी मागचं दार उघडलं, फळीचे स्क्रू काढले, फळी उचलली. बिस्मिल्लाबींची दुहेरी शिवण चाकूनं कापावी लागली. दुहेरी असल्यामुळे वेळ लागला. मग त्यांनी खोळ ओढली.

ती सरांच्या पोत्यापेक्षा वाईट निघाली. दिवसातून तीनदा पाणी मिळालेली टाकी होती ती. खोळीबरोबर तळहाताएवढे तुकडे सुटून आले आणि व्हॅनच्या पत्र्यावर पडले. पंपावरच्या माणसानं नळी जागेवर अडकवली आणि मागे सरला. रांगेतली माणसंही मागे सरली. हॉर्न थांबले.

गफ्फारभाईंनी टाकीवर हात ठेवला आणि बोटानं एक खड्डा चाचपला. मग वळले.

"सर, तुमची टाकी कवा बाद झाली?"

सरांनी सांगितलं.

गफ्फारभाई मनाशी काहीतरी जुळवत होते. जुळलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. रागावला नाही, नुसता बदलला. "म्हंजे दामिनीले ताप आला, तवापासून तुमाले मालूम होतं."

सरांनी मान खाली घातली.

"दामिनी आली नाही तं ते जागा खाली होती," गफ्फारभाई म्हणाले. "पोरं भांडाले लागले. मी म्हटलं कोनीच नका बसू, आपल्या शाहीनले बसवतो. ते माही पोरगी हाय, तिच्यापुढे कोनी बोलनार नाही. रोज तथीच बसवलं तिले. थंडी जागा हाय म्हनून."

व्हॅन बाजूला घ्यावी लागणार होती. रांगेतले चार जण पुढे आले आणि मागून ढकलू लागले. सरांनीही जाऊन पत्र्याला हात लावले. गफ्फारभाई स्टिअरिंग धरून बाजूनं चालत होते. त्यांनी मागे न बघता म्हटलं, "तुमी नका लावू हात, सर."

सरांनी हात काढले. व्हॅन पुढे गेली. इतकं होऊनही गफ्फारभाईंनी त्यांना सर म्हटलं होतं, आणि मोहोड सरांना तेच सोसवत नव्हतं.